सेबीचं स्कोअर्स पोर्टल: ब्रोकरविरुद्ध तक्रार करून बघितली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

डीमॅट अकाउंट, म्युच्युअल फंड, आयपीओ, यातलं काहीही तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर असेल तर हे वाचा. थोडं लांबलंय, पण अर्धवट माहितीवर तक्रार टाकली की ती वाया जाते, म्हणून सगळंच लिहितेय. स्कोअर्स म्हणजे सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, तक्रार नोंदवायचं ऑनलाइन पोर्टल, २०११ पासून आहे, १ एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती आली, स्कोअर्स २.० म्हणतात तिला, आणि तक्रार टाकायला एक पैसा लागत नाही. मत आधीच सांगते, ५ पैकी ४ स्टार. हे स्टार वेबसाइटला कमी आणि तिच्यामागे जो कायदा आहे त्याला जास्त आहेत, आणि तो कायदा आपल्याला माहीत असेल तरच या पोर्टलचा खरा उपयोग होतो, हे मला पूर्ण पटलंय.

आता प्रकरण काय होतं ते. माझ्या काकांचं जुनं ट्रेडिंग अकाउंट, ब्रोकरचं नाव लिहीत नाही, पण काम सगळं बघायचा तो त्यांचा सब-ब्रोकर, ज्याला आता कागदोपत्री ऑथराइज्ड पर्सन म्हणतात. ओळखीतला माणूस, दिवाळीला घरी येणारा, त्यामुळे काका कधी स्टेटमेंट उघडून बघायचेच नाहीत. काकांनी काही शेअर विकले होते आणि पैसे अकाउंटलाच ठेवले होते, पुढे काहीतरी चांगलं घेऊ म्हणून. मग एक दिवस स्टॉक एक्स्चेंजचा एसएमएस आला, तो जो येतो ना, तुमच्या ब्रोकरने तुमचा फंड बॅलन्स इतका आणि सिक्युरिटीज बॅलन्स इतका असं कळवलंय, तोच. बहुतेक लोक तो न वाचताच डिलीट करतात, काकूंनी वाचला, आणि आकडा बघून मला फोन केला, अगं हे बरोबर आहे का बघ जरा. बरोबर नव्हतं. त्या पैशांतून ऑप्शनचे सौदे झालेले, म्हणजे शेअर न घेता त्याचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे तसले, एकामागून एक, बरेचसे तोट्यात, आणि प्रत्येकावर ब्रोकरेज कापलेलं ते वेगळंच. काका म्हणे मला ऑप्शन म्हणजे काय तेच नीट माहीत नाही. सब-ब्रोकरला विचारलं तर, "अहो काका, मार्केट आहे, वर-खाली चालायचंच, रिकव्हर करून देतो की मी."

हे वाक्य कुणी म्हटलं की तिथेच थांबा. रिकव्हर करून देतो म्हणजे अजून सौदे, अजून ब्रोकरेज. सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास आहे, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे. स्वतः दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचं हे होतं तर सत्तरीच्या माणसाच्या अकाउंटमध्ये न विचारता हे करणं किती वाईट आहे ते सांगायलाच नको, मला आजही लिहिताना संताप येतो.

आणि काँट्रॅक्ट नोट? सौदा झाला की २४ तासांत ब्रोकरने ग्राहकाला काँट्रॅक्ट नोट पाठवलीच पाहिजे असा नियम आहे, त्यात कोणता शेअर किंवा काँट्रॅक्ट, किती वाजता, कोणत्या भावाने, किती ब्रोकरेज, सगळं असतं. ब्रोकर म्हणे आम्ही रोज ई-मेलवर पाठवत होतो. खोलात गेल्यावर कळलं की अकाउंटला जो ई-मेल लावलेला होता तो काकांचा नव्हताच. मोबाइल नंबर तेवढा काकूंचा होता म्हणून निदान एक्स्चेंजचा एसएमएस तरी पोचला. आज संध्याकाळी पहिलं काम हे करा, आई-बाबांच्या, सासू-सासऱ्यांच्या डीमॅटला कोणता ई-मेल आणि कोणता मोबाइल लावलाय ते तपासा, दुसऱ्या कुणाचा असेल तर लगेच बदलून घ्या.

आता स्कोअर्सकडे वळते. थेट तिकडे जायचं नाही, आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करायची. फोनवर बोलणं धरत नाहीत, ई-मेल पाहिजे, आणि तो रिलेशनशिप मॅनेजरला नाही तर ब्रोकरच्या तक्रारींसाठीच्या ठरलेल्या ई-मेल आयडीवर आणि कम्प्लायन्स ऑफिसरला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या त्यांच्या अधिकाऱ्याला. हे आयडी ब्रोकरच्या वेबसाइटवर द्यावेच लागतात. उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, किंवा पटलं नाही, की मग स्कोअर्स. आणि मुदत आहे एक वर्षाची, ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ती घडल्यापासून. म्हणजे बघू, करू, तो माणूस चांगला आहे देईल हळूहळू, असं करत बसलात की मुदत निघून जाते. अशा माणसांचा सगळा भर असतोच वेळ काढण्यावर.

रजिस्ट्रेशन सोपं आहे, पॅन लागतो, केवायसीच्या डेटाबेसशी जोडलेलं आहे. मग कोणाविरुद्ध तक्रार आहे तो प्रकार निवडायचा, ब्रोकर, लिस्टेड कंपनी, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी पार्टिसिपंट (ज्याच्याकडे डीमॅट अकाउंट असतं तो) वगैरे, मग तक्रारीचा प्रकार, मग मजकूर आणि जोडलेले कागद. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, मजकुरात रडगाणं लिहू नका. माझा पहिला खर्डा दोन पानांचा होता, काकांचं वय, विश्वासघात, सगळं त्यात होतं. ते सगळं खरंच होतं पण त्यातून समोरच्याला उत्तर टाळायला जागा मिळते. मग तो काढून नुसता तक्ता केला: तारीख, काँट्रॅक्ट, रक्कम, तोटा, ब्रोकरेज, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न, या सौद्याची ऑर्डर ग्राहकाने दिल्याचा पुरावा द्या.

हा प्रश्न का, ते या अख्ख्या रिव्ह्यूतलं सगळ्यात कामाचं आहे. मार्च २०१८ मध्ये सेबीने एक सर्क्युलर काढलं, न विचारता होणारे सौदे रोखण्यासाठी. त्यात स्पष्ट आहे की ब्रोकरने सौदा करायच्या आधी ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ठेवला पाहिजे, मग तो सही केलेला कागद असो, फोनचं रेकॉर्डिंग असो, रजिस्टर्ड ई-मेल किंवा एसएमएस असो, नाहीतर इंटरनेटवरून दिलेल्या ऑर्डरचा लॉग असो. आणि वाद झाला तर पुरावा द्यायची जबाबदारी ब्रोकरवर. म्हणजे काकांनी "मी सांगितलं नव्हतं" हे सिद्ध करायचं नाही, ब्रोकरने "त्यांनी सांगितलं होतं" हे सिद्ध करायचं. सामान्य माणसाला वाटतं एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपण काय सिद्ध करणार, आणि तो गप्प बसतो. नियम तुमच्या बाजूने आहे हो, फक्त तो मागावा लागतो!

दुसरं आम्ही मागितलं ते अकाउंट उघडतानाचा फॉर्म आणि एफ अँड ओ सेगमेंट चालू करताना घेतलेला उत्पन्नाचा पुरावा. डेरिव्हेटिव्हसाठी, म्हणजे या एफ अँड ओसाठी, ग्राहकाच्या आर्थिक स्थितीचा कागद घ्यावा लागतो. फॉर्मची कॉपी मिळवणं तुमचा हक्क आहे, मागा.

तक्रार टाकली की ती आपोआप थेट त्या ब्रोकरकडे जाते आणि सोबतच त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे पण, ब्रोकरच्या बाबतीत ती संस्था म्हणजे स्टॉक एक्स्चेंज, म्युच्युअल फंडाच्या बाबतीत अँफी. आधीच्या व्यवस्थेपेक्षा हा मोठा फरक आहे. ब्रोकरला २१ दिवसांत, कॅलेंडरचे दिवस बरं का, सुट्ट्या धरून, काय कारवाई केली त्याचा अहवाल टाकावा लागतो. याला एटीआर म्हणतात, ॲक्शन टेकन रिपोर्ट, तो तुम्हाला पोर्टलवर दिसतो. पटला नाही तर १५ दिवसांच्या आत पहिल्या रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची, मागणी करायची, ती त्या देखरेख संस्थेकडे जाते, तिथेही समाधान नाही झालं तर परत १५ दिवसांत दुसरा रिव्ह्यू, तो सेबीकडे. या १५ दिवसांकडे खूप लक्ष द्या. एटीआर आल्यावर तुम्ही काहीच केलं नाहीत तर तुम्हाला ते पटलं असं धरून तक्रार बंद होते. मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवा.

ब्रोकरचा पहिला एटीआर अपेक्षेप्रमाणेच आला, ग्राहकाने तोंडी संमती दिली होती, सर्व सौद्यांची माहिती ई-मेल केलेली आहे, तक्रार निराधार आहे, छाप. माझ्या काकू तो वाचून म्हणाल्या, झालं, आता संपलं. मी म्हटलं काकू, आत्ताशी सुरू झालंय. रिव्ह्यू मागितला आणि त्यात फक्त एवढंच लिहिलं, तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग जोडलेलं नाही, २०१८ च्या सर्क्युलरप्रमाणे ते द्यावं, आणि ई-मेल आयडी ग्राहकाचा असल्याचा पुरावा द्यावा. एवढ्यावर चित्र बदललं. जे लोक आधी फोन उचलत नव्हते त्यांच्या हेड ऑफिसमधून फोन यायला लागले, सर आपण भेटून बोलूया का म्हणून. आम्ही सांगितलं जे काय असेल ते पोर्टलवर लिहा.

बहुतेक सौद्यांचा त्यांच्याकडे काहीच पुरावा निघाला नाही, त्या सौद्यांचा तोटा आणि ब्रोकरेज दोन्ही काकांच्या अकाउंटला परत आलं. थोड्या सौद्यांचं मात्र रेकॉर्डिंग निघालं, त्यात सब-ब्रोकर भरभर काहीतरी सांगतोय, अमुक स्ट्राइक, तमुक एक्स्पायरी, आणि काका म्हणतायत "बरं बरं, बघा तुम्हीच". ते पैसे आले नाहीत. ऐकताना वाईट वाटलं, कारण काकांना त्यातलं काही कळलं नव्हतं हे आवाजावरूनच समजतं, पण कागदावर ती संमती धरली गेली. म्हणून घरातल्या मोठ्यांना सांगा, फोनवर कुणी शेअरबद्दल बोललं तर नको म्हणायचं असेल तेव्हा स्पष्ट नको म्हणा, बघू, करा, तुम्हाला कळतं, असलं काही बोलू नका.

आता यात कायद्याचा भाग समजून घ्या, म्हणजे ब्रोकर का हलला ते कळेल. सेबी १९८८ साली आली तेव्हा तिच्यामागे कायदाच नव्हता, अधिकार मिळाले ते १९९२ च्या सेबी कायद्याने. त्या कायद्यात गुंतवणूकदारांच्या हिताचं रक्षण हे सेबीचं कर्तव्य म्हणून पहिल्यांदा लिहिलंय, बाजाराचा विकास आणि नियमन त्याच्या नंतर. कलम १२ म्हणतं, नोंदणीशिवाय कुणी ब्रोकरचा धंदा करू शकत नाही, म्हणजे ब्रोकरचं अख्खं दुकान त्या एका नोंदणीवर चालतं. आणि कलम १५सी तर प्रत्येकाने पाठच करावं: सेबीने लेखी सांगूनही ठरलेल्या वेळेत गुंतवणूकदाराची तक्रार सोडवली नाही तर दंड, कमीत कमी एक लाख रुपये, आणि पुढे दिवसाला एक लाखापर्यंत, जास्तीत जास्त एक कोटी. काकांची रक्कम त्या मानाने किरकोळ होती. मोठ्या ब्रोकरला अशी तक्रार लोंबकळत ठेवणं परवडतच नाही, तीही एक्स्चेंजच्या डोळ्यांसमोर.

एक स्टार कुठे कापला? स्कोअर्स निवाडा करत नाही. म्हणजे तुम्ही खरे की ब्रोकर खरा हे ठरवून पैसे द्यायला लावणारं हे कोर्ट नाही, समोरच्याकडून उत्तर काढणं, नियम मोडलाय का ते बघणं, इथपर्यंत त्याचं काम. बाजू सरळ असेल, कागद पक्के असतील, तर तेवढंच पुरतं. वाद खरोखर गुंतागुंतीचा असेल, दोन्ही बाजूंनी काहीतरी म्हणणं असेल, तर स्मार्ट ओडीआर नावाचं वेगळं पोर्टल आहे, २०२३ मध्ये सेबीने आणलं, तिथे आधी ऑनलाइन समेट, म्हणजे कन्सिलिएशन, आणि ते फसलं तर ऑनलाइन लवाद. समेटासाठी गुंतवणूकदाराला फी नाही, लवादाला रकमेप्रमाणे फी आहे. लक्षात ठेवा, ओडीआरला गेलात की स्कोअर्सवरची तीच तक्रार निकाली काढल्याचं धरतात, दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही. हे दोन वेगळे दरवाजे कशाला, असं मला मनापासून वाटतं, सामान्य माणसाला कुठल्या दारात उभं राहायचं तेच कळत नाही. एकच अर्ज, आणि गरज पडली तर तोच पुढे लवादाकडे, असं असायला हवं.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे पहिला रिव्ह्यू ज्या संस्थेकडे जातो ती. म्युच्युअल फंडाची तक्रार अँफीकडे, आणि अँफी ही फंड कंपन्यांचीच संघटना. वर सेबीचा दुसरा रिव्ह्यू आहे म्हणून ठीक, पण ही रचना मला आवडलेली नाही आणि ती बदलावी असं मी स्पष्ट म्हणेन.

काय काय इथे चालत नाही तेही सांगते. शेअरचा भाव पडला म्हणून तक्रार चालत नाही. कोर्टात चालू असलेलं प्रकरण चालत नाही. अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीची तक्रार चालत नाही. तुम्ही कुणाशी खासगी करार केला, मी पैसे देतो तू ट्रेडिंग कर, नफा अर्धा अर्धा, त्यातला वाद चालत नाही, आणि या प्रकारात फसलेले लोक आपल्या आजूबाजूला ढिगाने आहेत. बँकेने एफडीच्या नावाखाली इन्शुरन्स गळ्यात मारला तर ते सेबीचं नाही, विम्यासाठी आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल आणि विमा लोकपाल, बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना, तिथेही आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. एनपीएसचं, म्हणजे पेन्शन योजनेचं, पीएफआरडीएकडे. क्रिप्टो सेबीच्या कक्षेत नाही, आणि ॲपवर मिळणारं डिजिटल गोल्ड पण नाही, हे सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करून लोकांना सावध केलं होतं. टेलिग्रामवरच्या टिप्सवाल्याने पैसे उकळले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच, त्याच तासात, तिथे उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात.

कुणालाही पैसे द्यायच्या आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर टाकून बघा. ब्रोकरचा आयएनझेडने सुरू होतो, सल्लागाराचा आयएनएने, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने. क्रमांक सांगायला जो का-कू करतो त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

इंटरनेट जमत नाही अशांसाठी सेबीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८०० २२ ७५७५, पोर्टल कसं वापरायचं, तक्रार कुठे टाकायची हे विचारता येतं. आणि एजंट लावून तक्रार करून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, त्याची काहीच गरज नाही, तुमचा तक्ता, काँट्रॅक्ट नोट, लेजर (ब्रोकरकडचा तुमच्या पैशांचा हिशेब), बँक स्टेटमेंट आणि ब्रोकरला पाठवलेला ई-मेल एवढे पाच कागद पीडीएफ करून जोडता आले की झालं.

लेजरबद्दल एक राहिलं. तुमचे न वापरलेले पैसे ब्रोकर वाटेल तेवढे दिवस स्वतःकडे ठेवू शकत नाही, तुम्ही निवडलेल्या पर्यायाप्रमाणे दर महिन्याला किंवा दर तिमाहीला ते बँकेत परत पाठवावे लागतात, रनिंग अकाउंट सेटलमेंट म्हणतात त्याला. पैसे अचानक बँकेत आले म्हणून घाबरू नका, आणि ठरल्या वेळी आले नाहीत तर लेजर काढून विचारा, हीसुद्धा स्कोअर्सवर चालणारी तक्रार आहे.

काकांनी ते अकाउंट बंद करून शेअर दुसऱ्या डीमॅटला ट्रान्सफर केलेत, तिथे एफ अँड ओ सेगमेंट चालूच केलेला नाही. रेकॉर्डिंगवाल्या सौद्यांसाठी ओडीआरला जायचं असं काकूंचं ठाम म्हणणं आहे, काका अजून तयार होत नाहीयेत. गेलो तर तिथला रिव्ह्यू वेगळा टाकेन. कुणाचं असंच प्रकरण अडकलं असेल तर खाली लिहा, तक्ता कसा करायचा त्याचा नमुना देते.